नोव्हा स्कोशियातले ब्लॅक आणि आदिवासी समाज : अठरा वर्षांच्या कामातून दिसलेलं

नाशिकची एक विद्यार्थिनी सप्टेंबरमध्ये कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात, हॅलिफॅक्सला, समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायला येते आहे. तिने विचारलंय : "ताई, आमच्या अभ्यासक्रमात ब्लॅक आणि आदिवासी समाजांपुढची आव्हानं असा एक विषय आहे. हे दोन समाज एकत्र का घेतात? त्यांचे प्रश्न कुठून आले, कशाने खरंच फरक पडतो, आणि आपण भारतीयांनी तिथे कसं वागावं?"

तू ताई म्हणालीस, म्हणून मीही 'तू'च म्हणते. मी इथे अठरा वर्षं समाजकार्यकर्ती म्हणून काम करते आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका रात्रीच्या घटनेत आहे, तिथूनच सुरुवात करू.

या प्रांताच्या ईशान्येला केप ब्रेटन बेट आहे आणि तिथे सिडनी नावाचं शहर आहे. ऑस्ट्रेलियाचं नव्हे, हे छोटं, पोलाद आणि कोळशावर उभं राहिलेलं. २८ मे १९७१ च्या रात्री तिथल्या वेंटवर्थ पार्कमध्ये दोन सतरा वर्षांची मुलं भेटली. सँडी सील ब्लॅक कुटुंबातला होता आणि डोनाल्ड मार्शल मिकमाक आदिवासी, मेंबरटू वस्तीतला. रॉय एब्सरी नावाच्या एका गोऱ्या माणसाने सँडीला सुरा मारला आणि सँडी दगावला. पोलिसांनी पकडलं मार्शलला. अल्पवयीन साक्षीदारांवर दबाव आणून खोट्या साक्षी घेतल्या गेल्या आणि त्याला जन्मठेप झाली. तो अकरा वर्षं आत राहिला. १९८३ मध्ये अपील कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं, पण सोडताना 'तुझ्यावर हे ओढवलं त्याला तूही जबाबदार आहेस' अशा अर्थाचं सुनावलं. खऱ्या मारेकऱ्याची शिक्षा शेवटी कमी होत होत एका वर्षावर आली.

मिकमाक मुलाची उमेदीची अकरा वर्षं गेली. ब्लॅक आईबापांना तेवढीच वर्षं आपल्या मुलाला कोणी मारलं याचं खोटं उत्तर सांभाळावं लागलं. जानेवारी १९९० मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. न्यायव्यवस्थेने या मुलाला जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर दगा दिला आणि तो आदिवासी असणं हे त्यामागचं एक कारण होतं, असं तीन न्यायाधीशांनी त्यात लिहिलं. ८२ शिफारशी केल्या. त्या काळात, १९८९ मध्ये, डलहौसी विद्यापीठाच्या कायदा शाखेत ब्लॅक आणि मिकमाक विद्यार्थ्यांसाठी एक खास कार्यक्रम सुरू झाला. त्यातून आतापर्यंत दोनशेहून जास्त वकील तयार झाले, काही न्यायाधीशही झाले. हे दोन समाज इथे एका दमात घेतले जातात त्यामागे हा इतिहास आहे.

पण एकत्र घेतले जातात म्हणून ते एक नाहीत. मिकमाक इथले मूळचे लोक. त्यांनी इंग्रजांशी १७२५ ते १७७९ या काळात मैत्रीचे करार केले आणि त्यांपैकी एकाही करारात जमीन सोडून दिलेली नाही. ब्लॅक कुटुंबं मोठ्या संख्येने आली १७८३ पासून : आधी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूने राहिलेली, १७९६ मध्ये जमैकातून हद्दपार केलेली, मग इंग्रज आणि अमेरिका यांच्यातल्या १८१२ च्या युद्धात गुलामीतून सुटलेली सुमारे दोन हजार माणसं. त्यांचे वंशज स्वतःला आफ्रिकन नोव्हा स्कोशियन म्हणवतात. अशा एखाद्या माणसाला 'तुम्ही मूळचे कुठले?' असं कधी विचारू नकोस. त्यांचं घराणं कॅनडा नावाचा देश बनण्याच्या कितीतरी आधीपासून इथे आहे. 'आदिवासी' हा आपला शब्द चालेल, पण समोर बसल्यावर मिकमाकच म्हण.

आता दुसरा प्रश्न. पुस्तकांत तुला यादी मिळेल : गरिबी, बेरोजगारी, तुरुंगातली संख्या, शाळागळती, व्यसन. यादी खोटी नाही. पण ती अशी वाचली की वाटतं, या गोष्टी त्या समाजांना पावसासारख्या लागल्या. मला कामात उलट दिसलं. जवळजवळ प्रत्येक प्रश्नाच्या मुळाशी कोणीतरी, कधीतरी सही केलेला एक निर्णय सापडतो. जमिनीचं उदाहरण घे, कारण महाराष्ट्रातल्या माणसाला ते लगेच कळेल.

ब्लॅक वसाहतवाल्यांना सरकारने जमीन दिली ती हलक्या प्रतीची, खडकाळ आणि लहान. शिवाय गोऱ्यांना मालकीचा पक्का कागद मिळाला, तर यांच्यातल्या बहुतेकांना नुसता राहण्याचा परवाना. म्हणजे घर तुमचं, शेत तुम्ही कसलेलं, पण सातबाऱ्यावर नाव नाही. मराठवाड्यात गायरानावर तीन पिढ्या राबलेल्या कुटुंबाला हे समजावून सांगावं लागणार नाही. पहिल्या पिढीत यामुळे काही अडत नाही. अडायला लागतं नंतर. कागद नाही म्हणून गहाण ठेवता येत नाही, विकता येत नाही, मृत्युपत्रात धड लिहिता येत नाही, आणि प्रत्येक पिढीगणिक वारस वाढत जातात. सातव्या पिढीत एका घराचे चाळीस वारस निघतात, त्यांतले निम्मे टोरांटो आणि बॉस्टनला.

नॉर्थ प्रेस्टन या ब्लॅक वस्तीच्या बाजूच्या एक आजी माझ्याकडे आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) छप्पर गळत होतं. बँकेने कर्ज नाकारलं, कारण घर त्यांचं असल्याचा पुरावा नव्हता. घर त्यांच्या पणजोबांनी बांधलेलं. छप्पर गळत राहिलं, भिंतींना बुरशी आली, नातवाचा दमा वाढला, तो शाळेत गैरहजर राहू लागला, आणि शाळेने मुलाकडे दुर्लक्ष होत असल्याची तक्रार केली. माझ्यापर्यंत आली ती ही तक्रार. फाइलवर शीर्षक होतं 'पालकांचं दुर्लक्ष'. दोनशे वर्षांपूर्वी न दिलेला एक कागद या रूपात माझ्या टेबलावर आला होता.

त्यावर उपाय म्हणून १९६३ मध्ये एक कायदा झाला. पण त्याची प्रक्रिया इतकी किचकट आणि खर्चिक होती की कित्येकांना काहीच मिळालं नाही. २०१७ मध्ये सरकारने वकील आणि मोजणीच्या खर्चासाठी पैसे दिले. तरीही वीस वर्षं सलग एकट्याचा कब्जा होता हे सिद्ध करा, असा हट्ट चालूच राहिला. २०२० मध्ये एक रहिवासी कोर्टात गेला आणि कोर्टाने तो निकष अवाजवी ठरवला. २०२१ मध्ये नवा कायदा आला. तू इथे आल्यावर लोक तुला 'ट्रॉमा'बद्दल, म्हणजे मनावरच्या खोल आघाताबद्दल, पुष्कळ शिकवतील आणि ते शिकायलाच हवं. पण त्या आजींचं औषध होतं मोजणीदार आणि वकील, तेही सरकारी खर्चाने. समुपदेशन नव्हे.

आफ्रिकव्हिलचं नाव तू ऐकशीलच. हॅलिफॅक्सच्या उत्तर टोकाला, समुद्राकाठी, १८४० च्या दशकात वसलेलं ब्लॅक गाव. गावकरी शहराचा कर भरत होते, तरी शहराने त्यांना पाण्याचा नळ दिला नाही, गटार दिलं नाही. दिलं ते असं : रेल्वेचे रूळ घरांमधून, शेजारी कैदखाना, साथीच्या रोगांचं इस्पितळ, कत्तलखाना आणि १९५० च्या दशकात शहराचा कचरा डेपो. मग वस्ती गलिच्छ आहे असं म्हणून १९६४ पासून ती पाडायला घेतली. काही कुटुंबांचं सामान कचऱ्याच्या गाड्यांतून हलवलं. चर्च १९६७ मध्ये रात्रीच्या अंधारात पाडलं. ज्यांच्याकडे मालकीचा कागद नव्हता त्यांना पाचशे डॉलर, म्हणजे पुन्हा तोच कागद. २०१० मध्ये समझोता झाला, महापौरांनी माफी मागितली, चर्चची प्रतिकृती उभी राहिली, आज तिथे संग्रहालय आहे. माफी महत्त्वाची आहे, मी ती हलकी मानत नाही. पण मूळ कुटुंबांना वैयक्तिक भरपाई त्या समझोत्यात नव्हती, आणि मुलांना वारशात जे घर मिळालं असतं ते नाहीच. शेजारच्या गोऱ्या वस्तीत त्याच काळात आजोबांनी घेतलेलं घर आज नातवाच्या शिक्षणाचा खर्च उचलतं. ब्लॅक आणि गोऱ्या कुटुंबांतली आर्थिक दरी अशी तयार होते.

मुलांच्या बाबतीत मला माझी स्वतःची एक चूक सांगायलाच हवी. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी शहरात राहणाऱ्या एका मिकमाक आईकडे गृहभेटीला गेले. दार उघडलं नाही. खिडकीचा पडदा हललेला मी पाहिला होता. दुसऱ्यांदाही तेच. मी अहवालात लिहिलं : 'आई सहकार्य करत नाही.' माझ्या एका ज्येष्ठ मिकमाक सहकारी बाईंनी ते वाचलं आणि शांतपणे म्हणाल्या, "तिच्या आईच्या लहानपणी दारात सरकारी गाडी थांबली की घरातलं एक मूल कमी व्हायचं. तू गाडी कुठे लावली होतीस?"

मी अगदी दारात लावली होती.

शुबेनाकडी इथे १९३० ते १९६७ आदिवासी मुलांची निवासी शाळा होती. मुलं घरातून नेली जात, मिकमाक बोलल्याबद्दल मार खात. ती शाळा बंद झाली, पण मुलं घराबाहेर काढणं थांबलं नाही, ते काम आमच्या व्यवसायाने हाती घेतलं. २०२१ च्या जनगणनेत कॅनडातल्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांत आदिवासी मुलं ७.७ टक्के होती, आणि फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे आईबापांपासून काढून दुसऱ्या कुटुंबात, ठेवलेल्या मुलांत ५३.८ टक्के. या आकड्याकडे नीट बघ. आपण जे काम शिकायला येतो आहोत त्याचाच हा हिशोब आहे. ब्लॅक मुलांसाठीही १९२१ पासून वेगळा अनाथाश्रम होता, कारण गोऱ्यांच्या आश्रमांत त्यांना घेत नसत. तिथे वाढलेल्यांनी मोठेपणी छळाच्या हकिकती सांगितल्या, २०१४ मध्ये प्रांताने माफी मागितली, आणि मग जी चौकशी झाली ती आखण्यात आणि चालवण्यात तिथले माजी रहिवासी स्वतः बसले होते. साक्षीदार म्हणून बोलावून उलटतपासणी घेण्यापेक्षा तो प्रकार फार वेगळा होता. शक्य झालं तर त्या चौकशीचा अहवाल सावकाश वाच.

मग कशाने फरक पडतो? मी एक प्रश्न विचारायला शिकले : या योजनेत शेवटचा निर्णय कोणाच्या हातात आहे?

शिक्षणाचं बघ. १९९७ मध्ये इथल्या मिकमाक वस्त्यांनी केंद्र सरकारशी करार करून आपल्या शाळांचा कारभार स्वतःकडे घेतला. किनामतनेवे असं त्या संस्थेचं नाव. पैसे कसे खर्चायचे, कोणाला शिक्षक नेमायचं, मिकमाक भाषा किती तास शिकवायची हे त्याच ठरवतात. एस्कासोनी या मिकमाक वस्तीत मुलं सुरुवातीचे इयत्ता-वर्ग मिकमाक भाषेतून शिकतात. शिक्षक बहुतांशी वस्तीतलेच, अनेकांनी सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठातून बी.एड. केलेलं. अलीकडच्या वर्षांत या शाळांतून बारावी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास राहिलं आहे. देशभरातल्या आदिवासींसाठी राखीव वस्त्यांचा आकडा त्याच्या निम्म्याच्या आसपास घुटमळत असताना. मुलं तीच, गरिबी तीच, शुबेनाकडीचा वारसाही तोच. फक्त खडू कोणाच्या हातात, हे बदललं. २०२२ मध्ये प्रांताने कायदा करून मिकमाकला इथली पहिली भाषा म्हणून मान्यता दिली.

ब्लॅक समाजाने याच सुमारास, १९९४ मध्ये, शिक्षणावर अतिशय बारकाईने तयार केलेला अहवाल सरकारला दिला. त्यातून शिक्षण खात्यात वेगळा विभाग झाला, सल्लागार मंडळ झालं, शिष्यवृत्त्या आल्या, शाळांत मदतनीस नेमले गेले. चांगली कामं झाली. पण मंडळ सल्लागारच राहिलं. निवडून आलेल्या शाळा मंडळांवर ब्लॅक आणि मिकमाक प्रतिनिधींच्या जागा होत्या, त्याही २०१८ मध्ये सरकारने इंग्रजी शाळा मंडळंच बरखास्त केल्यावर गेल्या. सल्ला देता येणं आणि ठरवता येणं यांतलं अंतर माझ्या मते या दोन समाजांच्या शैक्षणिक निकालांत दिसतं. काही सहकारी माझ्याशी सहमत नाहीत. ते म्हणतात, मिकमाक लोकांकडे करार आहेत, वस्त्या सलग आहेत, ब्लॅक समाजाकडे तो कायदेशीर आधार नाही, तेव्हा तुलना अन्यायाची आहे. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. म्हणूनच ब्लॅक समाजाला तसा कायदेशीर आधार देणं हे उत्तर असायला हवं, असं मला वाटतं.

न्यायाच्या क्षेत्रात अजून फार वाट चालायची आहे. २०१९ च्या एका स्वतंत्र अभ्यासात दिसलं की हॅलिफॅक्समध्ये पोलीस ब्लॅक माणसांना रस्त्यात थांबवून नोंद घेण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या सहापट होतं. त्याच वर्षी ती पद्धत बंद केली गेली आणि पोलीसप्रमुखांनी माफी मागितली. केंद्राच्या तुरुंगांतल्या बायकांत तर जवळजवळ निम्म्या आदिवासी आहेत, आणि देशाच्या लोकसंख्येत आदिवासी पाच टक्के. पण इथून एक चांगली गोष्ट देशभर गेली. शिक्षा सुनावण्याआधी आरोपीच्या आयुष्यावर वंशभेदाचा काय परिणाम झाला, याचा सविस्तर अहवाल न्यायाधीशांसमोर ठेवायचा. ब्लॅक आरोपींसाठी असे अहवाल २०१४ पासून इथे लिहिले जाऊ लागले. सुरुवात केली ती रॉबर्ट राइट या ब्लॅक समाजकार्यकर्त्याने. २०२१ मध्ये प्रांताच्या अपील कोर्टाने त्यांचं महत्त्व ठामपणे मान्य केलं. म्हणजे तुझ्यामाझ्यासारख्या माणसाच्या लिखाणाने एखाद्याची तुरुंगातली वर्षं कमी होऊ शकतात, जशी माझ्या त्या 'सहकार्य करत नाही' या तीन शब्दांनी एखादीचं मूल जाऊ शकलं असतं.

पैशाबद्दलही बोलायला हवं, कारण समाजकार्याच्या वर्गात ते फार बोललं जात नाही. डोनाल्ड मार्शलची मेंबरटू वस्ती पूर्वी सिडनी बंदराच्या काठावर होती. शेजारच्या गोऱ्यांना ती नकोशी झाली म्हणून १९१६ मध्ये कोर्टाचा हुकूम काढून १९२६ मध्ये तिला आतल्या दलदलीच्या जागेवर हलवलं. १९९० च्या दशकाच्या मध्यात तिथलं कौन्सिल तोट्यात होतं. टेरी पॉल, जे लहानपणी शुबेनाकडीच्या शाळेत होते, १९८४ पासून तिथले प्रमुख आहेत. त्यांनी शहरात शिकलेली आपली मुलं परत बोलावली, हिशोब सगळ्यांसाठी खुले केले, हॉटेल, सभागृह, मासेमारी असे उद्योग उभे केले. जानेवारी २०२१ मध्ये मेंबरटूने इतर मिकमाक वस्त्यांना सोबत घेऊन क्लिअरवॉटर या बड्या मासळी कंपनीचा निम्मा हिस्सा घेतला. एकूण सौदा शंभर कोटी डॉलरचा होता.

याची कडी पुन्हा मार्शलशी जुळते. तुरुंगातून सुटल्यावर १९९३ मध्ये त्याने ४६३ पौंड ईल मासे पकडून विकले आणि त्याच्यावर विनापरवाना मासेमारीचा खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. १९९९ मध्ये न्यायालयाने १७६० च्या कराराचा आधार घेत सांगितलं की मिकमाक लोकांना मासेमारीतून माफक उपजीविका करण्याचा हक्क आहे. एकाच माणसाने दोनदा हा देश हलवला. 'माफक' म्हणजे किती, हा वाद मात्र मिटलेला नाही. २०२० च्या शरद ऋतूत मिकमाक कोळ्यांनी स्वतःच्या नियमांनी लॉब्स्टर पकडायला सुरुवात केली तेव्हा एक गाडी जाळली गेली, आणि त्यांचा माल ठेवलेली एक इमारत आगीत खाक झाली. हक्क कोर्टात मिळाला तरी धक्क्यावर पोचायला वेळ लागतो.

आता आपल्याबद्दल. तुझा हा प्रश्न मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटला, कारण तो फार कमी जण विचारतात. आपल्या लोकांच्या बैठकीत 'हे लोक सरकारच्या पैशावर जगतात, आम्ही बघा शून्यातून आलो' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचा सूर ओळखीचा झालाय. आरक्षणाबद्दल पुण्या-नाशिकच्या दिवाणखान्यांत जो सूर लागतो, तोच. आपण शून्यातून येत नाही. पदवी, इंग्रजी आणि गुणांच्या यादीतून निवड होऊन येतो. मागे घर असतं आणि त्याचा कागद असतो. जात आणि वर्ण एकच आहेत असं मी म्हणणार नाही. पण ज्यांनी भोगलं त्यांना त्यातलं साम्य फार आधी दिसलं होतं. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये इथल्या न्यू ग्लासगो गावात व्हायोला डेस्मंड ही ब्लॅक बाई सिनेमागृहात गोऱ्यांसाठीच्या जागेवर बसली म्हणून तिला ओढून बाहेर काढलं आणि एका सेंटचा करमणूक कर बुडवल्याबद्दल दंड केला. पहिल्या आठवड्यात दहा डॉलरची नोट हातात आली की नीट बघ, त्यावर तीच आहे.

तू इथे मदत करायला येते आहेस, ही भावना विमानात ठेवून ये असं मी म्हणत नाही, ती असू दे. पण प्रशिक्षणासाठी संस्था निवडताना त्यांच्या कार्यकारिणीत कोण बसतं ते आधी विचार. ब्लॅक समाजकार्यकर्त्यांची संघटना इथे १९७९ पासून आहे, त्यांच्या कार्यक्रमांना जा आणि पहिले सहा महिने फक्त ऐक. मिकमाक घरी जाताना शक्य तर त्यांच्या ओळखीच्या माणसासोबत जा आणि गाडी कोपऱ्यावर लाव. चहा दिला तर घे. फाइलमध्ये विशेषण लिहायची वेळ आली की थांबून जे पाहिलं तेवढंच लिही : 'दार उघडलं नाही' आणि 'सहकार्य करत नाही' यांत एका मुलाचं आयुष्य असतं.

त्या मिकमाक आईचं पुढे काय झालं, हे तू विचारशील. माझ्या सहकारी बाई तिसऱ्या वेळी सोबत आल्या. आम्ही चालत गेलो. दार उघडलं. स्वयंपाकघरात तास-दीड तास बसलो, त्यातला पाऊण तास त्या दोघी मिकमाक भाषेत कोणाच्या आत्याचं लग्न कोणाशी झालं ते लावत होत्या. मुलगा शाळेत जात नव्हता कारण बसमध्ये त्याला चिडवत होते. आम्ही बसबद्दल शाळेशी बोललो. मी जुना अहवाल मागे घेऊन नवा लिहिला, आणि फाइल बंद झाली.

ऑक्टोबरमध्ये मी केप ब्रेटनला वॅगमटकुकच्या कोर्टात जाणार आहे. २०१८ पासून तिथे मिकमाक वस्तीतच न्यायाधीश येऊन बसतात आणि काही प्रकरणांत शिक्षा ठरवण्याआधी वस्तीतली वडीलधारी माणसं बोलतात. गाडीत एक जागा रिकामी आहे. यायचं असेल तर कळव, सकाळी सहाला निघू.